सक्तीचा संयम

संयमाची थोरवी गाण्यांत आपण कधीं कसूर करीत नाहीं. एकादशीस ज्यानें फराळही टाळिला, त्याचें कौतुक चारचौघांत होतें. परंतु जो संयम मनुष्यानें आपण होऊन पत्करिला नाहीं, देहानेंच त्याजवर लादला, त्यास सद्गुण म्हणावें कीं केवळ निरुपाय, हा प्रश्न आम्हांस पुष्कळ दिवस छळीत आहे.

पालघर जिल्ह्यांत समुद्रकाठीं घिवली हें गांव आहे. तेथील एखाद्या घरांत दहा वर्षांच्या मुलास पहिल्या प्रकारचा मधुमेह जडला आहे, अशी कल्पना वाचकांनीं करावी. ह्या विकारांत शरीराची संरक्षक शक्तीच स्वादुपिंडांतील इन्सुलिन उत्पन्न करणाऱ्या पेशींचा नाश करिते. मुलानें मिठाई अधिक खाल्ली, किंवा आईबापांचें कांहीं चुकलें, म्हणून तो होत नाहीं. तथापि शेजारीपाजारी दोष शोधीत येतात, आणि आई तो निमूटपणें पदरांत घेते.

दिवसाकाठीं बहुधा चार वेळां सुई टोचावी लागते. म्हणजे वर्षास सुमारें १४६० वेळां. वीज गेली कीं बोईसरहून आणिलेली औषधाची कुपी ओल्या मडक्यांत जपावयाची, भाताचा घांस मोजावयाचा, खेळावयास धांवण्यापूर्वीं रक्त तपासावयाचें. इतकें करूनही मात्रा किंचित् अधिक झाली, तर रक्तांतील साखर एकदम उतरते. हात कांपतात, घाम फुटतो. अशा वेळीं तीन चमचे साखर तत्काळ तोंडांत घालणें हेंच कर्तव्य ठरतें. मग एकादशी असो वा नसो!

येथेंच आमच्या प्रश्नाचा उलगडा होतो. संयम म्हणजे वर्ज्य करणें, असें आपण समजतों. ह्या मुलाचा संयम मात्र केव्हां खावें व केव्हां थांबावें हें प्रसंग पाहून ठरविण्यांत आहे. तो निग्रहापेक्षां विवेकाच्या अधिक जवळचा आहे. रोग त्यानें निवडिला नाहीं हें खरें; पण कंटाळा आला असतांही सुई पुन्हां हातीं घेणें, हें तोच निवडितो. उपवास करणारास द्वादशीस पारणें आहे. ह्याच्या व्रतास पारणें नाहीं. म्हणून एखादे दिवशीं आंकडा चढला, तर तो वडील माणसांनीं निवाडा समजूं नये. रागावलेल्या घरांत मूल आंकडा लपवावयास शिकतें.

१९२२ च्या जानेवारींत टोरोंटो येथें लिओनार्ड टॉम्प्सन ह्या चौदा वर्षांच्या मुलास इन्सुलिन टोचण्यांत आलें. तत्पूर्वीं हा रोग म्हणजे थोडक्या काळांत मृत्यूच. पुढें १९२३ मध्यें शोधकांनीं आपले पेटंटाचे हक्क तेथील विद्यापीठास अवघ्या एकेका डॉलरला देऊन टाकिले. तो स्वेच्छेचा संयम होता, आणि त्याच्याच बळावर आज हीं मुलें जगतात.

आपल्या वांट्यास एवढी थोर संधि येणार नाहीं. पण पुढील लग्नाच्या पंगतींत त्या मुलाच्या पानाकडे पाहून, “हें तुला चालतें का रे?” असें सर्वांदेखत विचारण्याचा मोह तरी आपणांस आवरेल काय? तेवढा संयम सर्वस्वीं आपल्या हातचा आहे.