आधी आरसा, मग देव

खांडेकरांची 'ययाति' (१९५९) वाचून मोठ्या झालेल्या वाचकाच्या मनात एक हिशेब पक्का बसलेला असतो : देह एका पारड्यात, अध्यात्म दुसऱ्यात, एक जड झालं की दुसरं हलकं होणारच. ॲलिस वॉकरची 'द कलर पर्पल' (१९८२) हा हिशेबच मान्य करत नाही.

जॉर्जियातल्या खेड्यातली कृष्णवर्णीय सेली चौदा वर्षांची आहे. ज्याला ती बाप समजते तोच तिच्यावर बलात्कार करतो. वर तंबी मिळते, देवाखेरीज कुणापाशी बोलायचं नाही. म्हणून ती देवाला पत्रं लिहू लागते. तिची भक्ती अशी धाकातून जन्मलेली. तिच्या मनातला देवही गोरा, दाढीवाला म्हातारा. तिला गप्प बसवणाऱ्यांच्याच पंगतीतला.

पुढे सेलीचं लग्न होतं. नवऱ्याची प्रेयसी, गायिका शग ॲव्हरी, तिच्या हाती आरसा देते, स्वतःचं शरीर बघायला सांगते आणि दाराशी राखण करत थांबते. दोन बाळंतपणं झालेल्या सेलीनं स्वतःला तोवर पाहिलेलंच नसतं! देवाविषयीचं त्या दोघींचं बोलणं येतं ते यानंतर. शगचा देव बाईही नाही, बाप्याही नाही. शेतातला जांभळा रंग न बघता कुणी पुढं गेलं तर तो चिडतो. वॉकरनं लावलेला हा क्रम मला मोलाचा वाटतो. जिला स्वतःच्या देहाकडे बघायची चोरी, ती जांभळ्या रंगाकडे तरी डोळे भरून कशी बघणार?

पण शगच्या नुसत्या प्रेमानं मान ताठ होत नाही. बहिणीची पत्रं नवऱ्यानं वर्षानुवर्षं दडवली, हे कळल्यावर सेलीला वस्तऱ्यानं त्याचा जीव घ्यावासा वाटतो. शग तिला विजारी शिवायला बसवते. वस्तऱ्याच्या जागी हातात सुई येते. त्यातून धंदा उभा राहतो, स्वतःचा पैसा येतो.

खरी कसोटी त्यानंतरची. शग एका पोरसवदा तरुणाच्या नादी लागून निघून जाते. सेली कळवळते, पण तिचं शिवणकाम थांबत नाही, आणि ज्याचा ती एवढा तिरस्कार करत होती त्या नवऱ्याशीही ती आता बरोबरीनं बोलू शकते. प्रेम मिळालं की नायिकेचा उद्धार झाला, असं मानून कित्येक कादंबऱ्या संपतात. वॉकरनं ते प्रेम काढून घेतलं आणि मग सेलीपाशी काय उरतं ते पाहिलं. आत्मसन्मान मोजायची याहून प्रामाणिक रीत मला तरी ठाऊक नाही.