भुताचे कूळ : कुमारांच्या भयकथेविषयी एक नैतिक प्रश्न

कुमारवयीन वाचकाच्या हाती भयकादंबरी द्यावी की देऊ नये, हा प्रश्न मराठी बालसाहित्यविचारात अधूनमधून उपस्थित होतो आणि बहुधा एकाच रीतीने मांडला जातो : भयाचे प्रमाण किती असावे? संस्कारवादी म्हणतो, कोवळ्या मनाला धक्का बसेल. विवेकवादी म्हणतो, अंधश्रद्धा बळावेल. रंजनवादी दोघांनाही उत्तर देतो, की घाबरणे हा मुलांचा जुनाच खेळ आहे आणि पांघरुणात विजेरी घेऊन वाचणाऱ्याला आपण सुरक्षित आहोत हे पक्के ठाऊक असते. तिन्ही म्हणण्यांत तथ्य आहे. परंतु तिघेही भयाकडे औषधाच्या मात्रेसारखे पाहतात. ते भय कोणाविषयीचे आहे, हा विचार मागे राहतो. नैतिक प्रश्नाचे मूळ मात्र तेथेच आहे.

अलीकडच्या काळात ३१ ऑक्टोबरचा हॅलोविन पुण्यातील काही शाळांत, मॉलमध्ये आणि निवासी संकुलांत येऊन पोहोचला. त्याच्याबरोबर कोरलेला भोपळा आला आणि त्या मोसमात वाचावयाच्या इंग्रजी भयकादंबऱ्याही आल्या. हे सारे परके आहे, हा त्यावरचा आक्षेप फारसा टिकत नाही. भाद्रपदाच्या वद्य पक्षात पुण्याच्या मार्केट यार्डात लाल भोपळा, गवार, भेंडी, कारली, अळू यांना मागणी वाढते आणि वृत्तपत्रांतील बाजारभावाच्या बातम्या त्याचे कारणही देतात : पितृपक्ष. मृतांच्या येण्याचा मोसम आणि भोपळा यांचे नाते गुलटेकडीच्या गाळ्यांना नवे नाही. तेथे भोपळा कोरून भेसूर केला जातो, येथे तो शिजवून पानात वाढला जातो, एवढेच. (लेकीकडे निघालेल्या म्हातारीला तर भोपळ्यानेच वाघापासून वाचवले, मराठी मुलाच्या कल्पनेत भोपळा ही मुळात आश्रयाची जागा आहे.)

मात्र ज्यांच्यासाठी हा भोपळा शिजतो ते पितर असतात, भुते नव्हेत. हा भेद निर्णायक आहे. पितर म्हणजे ज्याला तिथी आहे, नाव-गोत्र आहे आणि पिंड देणारा वंशज आहे असा मृत. ज्याला यांपैकी काही नाही तो बाहेर राहतो. पिंपळावर, विहिरीत, गावकुसाबाहेर. मराठी लोकसमजुतीतील भुतांची नावे या दृष्टीने पुन्हा वाचावीत. मुंजा म्हणजे मुंज झाली पण सोडमुंज होण्यापूर्वी मेला तो मुलगा. हडळ म्हणजे बाळंतपणात मेलेली स्त्री. समंध म्हणजे मागे क्रियाकर्म करणारा पुत्र नसलेला पुरुष. खविसाची ओळख तर अनेक जुन्या नोंदींत परधर्मीय किंवा तथाकथित कनिष्ठ जातीतील मृत अशी दिलेली आहे. भूतयोनी ही अशा रीतीने मृतांमधली एक वर्णव्यवस्थाच ठरते. घराने ज्यांना पानावर बसवले नाही, त्यांची ती यादी आहे. मुलाला हडळीची भीती घालताना त्याला नेमके काय शिकवले जाते? सुईण वेळेवर न पोहोचल्यामुळे, किंवा कोवळ्या वयात लग्न लावून दिल्यामुळे जी मेली, तिच्यापासून दूर पळावे, हे.

साहित्यशास्त्रानेही या विभागणीला अप्रत्यक्ष आधार दिला आहे. विश्वनाथाच्या ‘साहित्यदर्पणा’त भयानक रसाचा आश्रय स्त्री व नीच प्रकृतीची व्यक्ती हा मानलेला आहे. म्हणजे शास्त्राच्या मते घाबरतात त्या स्त्रिया आणि हीन माणसे. लोकसमजुतीप्रमाणे घाबरवतात त्याही बव्हंशी स्त्रिया आणि हीन मानली गेलेली माणसे. उत्तम प्रकृतीचा पुरुष दोन्हीकडून मोकळा. अभिनवगुप्ताने ‘शाकुंतला’तील पळणाऱ्या हरिणाच्या श्लोकाच्या आधारे दाखवून दिले, की काव्यातले भय देशकालाच्या आणि स्व-परभावाच्या बंधनातून सुटते, म्हणूनच ते आस्वाद्य होते. प्रौढ सहृदयापुरते हे मान्य करता येईल. परंतु दहा-बारा वर्षांच्या वाचकाजवळ हे साधारणीकरण अर्धवटच घडते. पुस्तक मिटल्यावर तो शेजारच्या एकट्या राहणाऱ्या म्हातारीकडे वेगळ्या नजरेने पाहू शकतो. ही शक्यता काल्पनिक नाही. सातपुड्याच्या परिसरात स्त्रीला डाकीण ठरवून छळल्याच्या घटना नोंदलेल्या आहेत, आणि २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याला अशा आरोपांची दखल घ्यावी लागली आहे. त्याच वर्षी २० ऑगस्टला पुण्यात डॉ. नरेंद्र दाभोलकरांची हत्या झाली, हेही या संदर्भात विसरता येत नाही. तरीही विवेकवादी उत्तर येथे थोडे अपुरे पडते. भूत नसते, हे ते मुलाला सांगते आणि ते सांगणे आवश्यकच आहे. पण मग मेले कोण होते आणि कशाने, हा पुढचा प्रश्न ते सोडून देते.

मराठी भयसाहित्याने हा प्रश्न कसा हाताळला? नारायण धारप (१९२५–२००८) यांनी प्रौढांसाठी लिहिले, तरी त्यांचा बराच वाचक शाळकरी वयातलाच होता. ‘लुचाई’ आणि ‘शपथ’ यांमागे स्टीफन किंग यांच्या अनुक्रमे १९७५ आणि १९८६ मधील कादंबऱ्या आहेत. धारपांच्या विश्वातील अनिष्ट शक्ती पुष्कळदा मानवी इतिहासाबाहेरून येते आणि ‘समर्थां’सारखा अधिकारी पुरुष तिचे निवारण करतो. त्यामुळे एक गोष्ट साधते : कोणत्याही दुबळ्या माणसावर भयाचे खापर फुटत नाही. पण भयाला सामाजिक कुळही उरत नाही. रत्नाकर मतकरींच्या गूढकथा मध्यमवर्गीय घराच्या आत, अपराधभावाच्या जवळ जातात. नैतिक दृष्ट्या ती वाट अधिक फलदायी होती. मुलांसाठी लिहिताना मात्र त्यांनी ‘अलबत्या गलबत्या’त चेटकिणीला हास्यास्पद केले. दिलीप प्रभावळकरांनी ती भूमिका गाजवली आणि मुले तिच्यावर लोभ करू लागली. हासू हा भयावरचा चांगला उतारा आहे यात वाद नाही. तथापि चेटकीण हा शब्द ज्या स्त्रियांना चिकटवला गेला, त्यांच्यापर्यंत ते हासू पोहोचत नाही.

२०२४ मधील ‘मुंज्या’ या हिंदी चित्रपटाने एका मराठी भुताला अखिल भारतीय कुमारप्रेक्षक मिळवून दिला. त्यात मृत मुलगा स्वतःच्या बहिणीचा बळी देऊ पाहताना मरतो, अशी योजना आहे. तिचे कार्य स्पष्ट आहे. मुलाला अपराधी केले, की त्याच्या मरणाबद्दल प्रेक्षकाला काही वाटून घेण्याचे कारण राहत नाही आणि हसण्या-किंचाळण्याला मोकळीक मिळते. लोकसमजुतीतील मुंजाचा अपराध काय होता? तो लवकर मेला, इतकाच.

नील गेमन यांच्या ‘द ग्रेव्हयार्ड बुक’ (२००८) या कादंबरीत याच्या उलट वाट दिसते. कबरस्तानात मृतांनी वाढवलेल्या बॉडला कुंपणापलीकडील अपवित्र जमिनीत पुरलेली लायझा भेटते. तिला चेटकीण ठरवून मारलेले असते आणि तिच्या कबरीवर दगड नसतो. तो दगड मिळवण्यासाठी बॉड जीव धोक्यात घालतो आणि अखेर काचेच्या एका वजनावर तिची आद्याक्षरे रंगवून ते तेथे ठेवतो. पिंड देण्याशीच या कृतीचे नाते आहे, फक्त देणारा वंशज नाही. हॅलोविनच्या निमित्ताने आयात करावयाचेच असेल तर कोरलेल्या भोपळ्यापेक्षा हे अधिक मोलाचे ठरेल.

यावर असे म्हटले जाईल, की भूत करुणेचा विषय झाले की भयानकाचा करुण होतो आणि मुलाला हवी असलेली गंमतच जाते. हा आक्षेप बिनबुडाचा नाही. उपदेशाने मारलेल्या भुतांची पुस्तके असू शकतात आणि ती कोणी वाचत नाही. परंतु पुण्यातल्या मुलाच्या कानी लहानपणीच पडणारी भुताची गोष्ट पाहावी. ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला, तेव्हा ते अवघे अठरा वर्षांचे होते. काकांना हाका मारत धावणारा त्यांचा आवाज वाड्यात अजून ऐकू येतो, अशी आख्यायिका आहे. हे भूत कोणाला झपाटत नाही, काही मागत नाही. ते मदतीसाठी ओरडते. ऐकणाऱ्या मुलाच्या अंगावर काटा येतोच. मात्र तो त्या आवाजामुळे येतो, की ज्याच्याकडे धाव घ्यायची तोच कटात होता या जाणिवेमुळे? रामशास्त्री प्रभुण्यांनी राघोबादादांना दोषी धरले. लोकस्मृतीने मात्र ‘ध’ चा ‘मा’ केल्याची, इतिहासकारांनी शंकास्पद मानलेली, कथा रचून आनंदीबाईंना पुढे केले. येथेही एक बाई सापडलीच. या वाड्यावर कुमारांसाठी कादंबरी लिहिणाऱ्याला पहिल्या प्रकरणापूर्वीच ठरवावे लागेल, की रात्री जिन्यावर ऐकू येणारी पावले मारल्या गेलेल्या मुलाची असतील, की घरातल्याच वडीलधाऱ्या माणसाची.