परतीचा पट

बास्केटपासून सहा पावलं मोजा आणि तिथे उभे राहा. समोर खरी बास्केट नसेल तर डोळे मिटून मनात उभी करा. जमिनीत रोवलेला लोखंडी खांब. त्यावर गोल जाळीदार टोपली, तिचा काठ जमिनीपासून साधारण ८२ सेंटीमीटरवर. टोपलीच्या वर एक मोठं कडं, आणि त्या कड्यापासून खांबाकडे वळत खाली आलेल्या साखळ्या. तुमच्या हातात पटर आहे. जवळच्या फेकीसाठी घडवलेली, बोथट कडेची, जराशी जाड डिस्क. वजन १७० ते १७५ ग्रॅम.

अजून फेकू नका. आज मोजायचं काही नाही, हरायचं कोणाकडून नाही. एक श्वास सावकाश आत घ्या आणि तितक्याच सावकाश सोडा.

डिस्क गोल्फमध्ये लांबच्या फेकीचं कौतुक सगळे करतात. झाडांमधून वळणं घेत जाणारी डिस्क बघायला देखणी असतेच. पण शंभर मीटर गेलेली ती फेक आणि सहा पावलांवरची ही फेक, दोन्ही गुणपत्रिकेवर एकेकच मोजल्या जातात. डोंगर चढून आलेला माणूस घराच्या उंबऱ्यात अडखळावा, तसं या सहा पावलांवर पुष्कळांचं होतं. माझं कित्येक महिने झालं. म्हणून आज आपण या उंबऱ्यातच थांबणार आहोत.

मनातल्या बास्केटला एक जागा द्या. माझ्या मनात ती नेहमी दक्षिण कॅलिफोर्नियातल्या ओक ग्रोव्हमध्ये असते. पासाडेनाजवळ, डोंगराच्या पायथ्याशी, जुन्या ओक वृक्षांच्या सावलीत. या खेळासाठी कायमचं आखलेलं पहिलं मैदान १९७५ मध्ये इथे झालं. ते आखलं एड हेडरिक यांनी. तेव्हा लक्ष्य म्हणून नुसते खांब होते, आणि डिस्क खांबाला लागली की लागली नाही यावरून वाद होत. पुढे हेडरिकनी साखळ्या लोंबवल्या, खाली टोपली बसवली. १९७७ मध्ये त्या रचनेचं पेटंट त्यांना मिळालं. वाद संपला. डिस्क टोपलीत विसावली की झालं, आणि साखळ्यांचा छनछनाट ती बातमी सगळ्या मैदानाला देतो.

त्या साखळ्यांकडे आता नीट बघा. त्या सैल आहेत. ताठ असत्या तर डिस्क आपटून माघारी आली असती. सैल असल्यामुळे त्या डिस्कचा वेग अंगावर घेतात, मागे झुलतात आणि तिला अलगद खाली सोडतात. फार जोरात आलेली डिस्क मधल्या खांबावर आदळून बाहेर पडू शकते. कडेला लागलेली साखळ्यांमधून निसटू शकते. बेताच्या वेगाने मधोमध आलेल्या डिस्कला मात्र साखळ्या सहसा सांभाळून घेतात. पकडायचं काम त्यांचं आहे. तुमचं काम डिस्क तिथवर पोचवायचं. हे एकदा मनात ठसलं की खांदे आपोआप खाली येतात. खांद्यांकडे लक्ष द्या. आले का खाली?

आता सगळ्या साखळ्यांमधली एक निवडा, आणि त्या साखळीतली एक कडी. तुम्ही उजव्या हाताने, बॅकहँडने फेकत असाल तर खांबाच्या किंचित उजवीकडची कडी घ्या, कारण वेग ओसरताना तुमची डिस्क डावीकडे झुकते. डावखुरे असाल तर याच्या उलट. नुसती बास्केट बघत राहिलात तर नजर काठावर जाते, खांबावर जाते, मागच्या उतारावर जाते, आणि हाताला नेमका निरोप मिळत नाही. एका कडीवर नजर टेकवा. तिचा गंज दिसेल, तिच्यावर पडलेला उन्हाचा ठिपका दिसेल. तो दिसेपर्यंत थांबा. फेकीसाठी तुमच्या हाती तीस सेकंद असतात. नियमच तसा आहे. एका श्वासाला पाच सेकंद धरले तरी सहा श्वास झाले.

नजर तिथेच ठेवून लक्ष पावलांकडे न्या. उजव्या हाताचे असाल तर उजवा पाय पुढे, डावा मागे. काही जण दोन्ही पाय फाकवून बास्केटला समोरासमोर उभे राहतात. वाटेत झाड आलं तर तसं उभं राहणं सोयीचं असतं. कसेही उभे राहा, पण वजन कुठे आहे ते ओळखा. ते मागच्या पायावर जाऊ द्या. आता हळूच पुढच्या पायावर आणा. पुन्हा मागे. पुन्हा पुढे. पाळण्याला झोका देताना जोर दंडात नसतो, झोक्याच्या लयीत असतो. पट, म्हणजे बास्केटजवळची ही फेक, जातो तो या लयीवर. हात एकटा फेकू लागला की थकतो, आणि थकण्याआधी घाबरतो.

आता बोटं. अंगठा वर, बाकीची खाली, थोडी पसरलेली. भरलं ताट कोणापुढे ठेवताना जेवढी पकड लागते, तेवढीच पुरे. सैल धरलीत तर डिस्क डगमगत जाईल. आवळलीत तर ती उशिरा सुटेल, आणि उजव्या हाताची उशिरा सुटलेली डिस्क उजवीकडे भरकटते. डिस्कची पुढची कड वर उचललेली नाही ना, तेही बघा. ती उचलली की हवा खाली शिरते आणि डिस्क तरंगत वर जाते. समोरून वारा असेल तर हे फार लवकर घडतं. पाठीमागचा वारा डिस्कला खाली दाबतो, तेव्हा नेहमीपेक्षा वरची कडी निवडावी लागते. गालावर वारा कुठून लागतोय? त्याला विरोध करू नका, त्याची नुसती नोंद घ्या.

आणि आता, सगळं तयार असताना, छातीत काय चाललंय ते बघा.

तिथे एक भीती आहे. ती चुकण्याची वाटते, पण जरा आत उतरून बघा. खरी भीती चुकल्यानंतरची आहे. नेम हुकला आणि डिस्क बास्केटच्या पलीकडे गेली तर? उताराला लागून, कडेवर उभी राहून गडगडत गेली तर? मग परत तेवढ्याच लांबून फेकायचं. तो परतीचा पट डोळ्यांपुढे येतो आणि ऐन वेळी हात आखडतो. कोपर पुरतं उलगडत नाही, मनगट थांबतं, आणि डिस्क टोपलीच्या काठावर थडकून पायाशी पडते. पायाशी पडलेली डिस्क उचलून आत टाकणं सोपं असतं. म्हणूनच भीतीला ती जागा आवडते. फार लांब जायला नको म्हणून आपण पोचायचंच सोडून देतो.

माझे पट असेच खाली राहत. मी पकड बदलली, पवित्रा बदलला, डिस्क बदलली. मनगटाच्या फिरकीवर सरळ जाणारा पट करून बघितला, पायाच्या रेट्यावर हलक्या कमानीने जाणाराही करून बघितला. दोन्ही रीती चांगल्या आहेत, दोन्हींत मोठे खेळाडू झाले आहेत. माझी डिस्क तरी काठावरच थडकत होती. मग एका सकाळी मी बास्केटच्या अलीकडे उभं राहण्याऐवजी पलीकडे गेलो. हुकलेल्या डिस्क जिथे जाऊन पडतात, त्या जागेवर. तिथून पन्नास पट टाकले. दुसऱ्या दिवशी पुन्हा पन्नास. ज्या जागेला मी भीत होतो, ती रोजच्या पायाखालची झाली. तिथलं गवत ओळखीचं झालं. नंतर अलीकडे येऊन उभा राहिलो तेव्हा हात आखडला नाही, कारण पलीकडे परकं असं काही उरलं नव्हतं.

योगसूत्रांत मन आवरायला दोन उपाय सांगितले आहेत, अभ्यास आणि वैराग्य. मी दोन्ही शब्द लहानपणापासून ऐकत होतो. वैराग्य म्हणजे फळाकडे पाठ फिरवणं, असं मला वाटायचं. बास्केटपुढे त्याचा वेगळा अर्थ लागला. फळ हवं आहे, आणि ते चुकलं तर जिथे जाऊन पडेन तिथूनही उभं राहायची माझी तयारी आहे. ही तयारी अभ्यासाने येते. परतीचे पट टाकून टाकून येते.

तेव्हा आता मनातल्या मनात बास्केटच्या पलीकडे बघा. हुकलेली डिस्क तिथे पडलेली दिसू द्या. स्वतःला तिच्यापाशी चालत गेलेलं बघा. डिस्कपाशी खुणेचा मार्कर ठेवला, पाय रोवले, कडी निवडली. एवढंच आहे ते. तिथे काहीही भयंकर नाही. आता मनाने परत या, आपल्या जागेवर.

श्वास घ्या. वजन मागच्या पायावर. श्वास सोडता सोडता पुढे. हात कडीच्या दिशेने पुरता उलगडू द्या, आणि डिस्क सुटू द्या. डिस्क सुटल्यावरही बोटं कडीकडेच राहू द्यात, कोणाच्या हाती काही देऊन झाल्यावर हात क्षणभर तसाच राहतो तशी.

आणि तसेच उभे राहा. बास्केटपासून दहा मीटरच्या आत या खेळाचा एक नियम आहे. डिस्क सोडल्यावर तोल पुरता सावरल्याचं दिसेपर्यंत मार्करच्या पुढे पाऊल टाकायचं नाही. मला हा नियम फार मोलाचा वाटतो. काय झालं ते बघायला धावायचं नाही. आधी स्वतः स्थिर व्हायचं, मग निकालाकडे जायचं. साखळ्या वाजल्या तरी तेवढंच उभं राहायचं, नाही वाजल्या तरी तेवढंच.

डोळे मिटले असतील तर आता उघडा.

उद्या मैदानावर जाल तेव्हा पाच डिस्क घेऊन जा. रोज तासभर द्यायला हवा असं नाही, पंधरा मिनिटं पुरतात. सहा पावलांवरून सुरू करा. हुकलेली डिस्क उचलून परत पहिल्या जागी येऊ नका. ती जिथे पडली तिथूनच पुढचा पट टाका, मग ती उतारावर असो, झाडामागे असो किंवा वाऱ्याच्या तोंडी. सहा पावलांवर हात मोकळा झाला की आठ पावलांवर जा. दर वेळी तीच रीत ठेवा. कडी, पाऊल, श्वास, उलगडलेला हात, आणि मग तोल.

हेडरिक २००२ मध्ये गेले. त्यांच्या इच्छेप्रमाणे त्यांची रक्षा मिसळून काही डिस्क घडवल्या गेल्या. आयुष्यभर ज्या साखळ्यांकडे ते डिस्क सोडत आले, तिकडे स्वतःलाही त्यांनी सोडून दिलं.

तुम्हाला एवढंच सांगायचं आहे. उद्याचा पहिला पट बास्केटच्या पलीकडून टाका, आणि मग अलीकडे या.