छत्रपती नगरला, राजवाडा कोल्हापुरात

कोल्हापूरच्या सहलीत अंबाबाईचं दर्शन आणि रंकाळा यांच्यामध्ये न्यू पॅलेस ठरलेलाच असतो. लोक काळ्या घोटीव दगडाची इमारत आणि घड्याळाचा मनोरा पाहतात, आत शहाजी छत्रपती संग्रहालयात हत्यारं पाहतात. पेंढा भरलेल्या वाघांपुढे पोरं हटकून रेंगाळतात. मग बागेत हरणं, तळं, झाडाखाली डबा. या आनंदाबद्दल माझी तक्रार नाही. पण हा राजवाडा बांधला जात असताना कोल्हापूरच्या गादीचं काय चाललं होतं, हे कळल्याशिवाय इथून परतणं म्हणजे निम्मा वाडा न पाहताच परतणं, असं मला ठामपणे वाटतं.

बांधकाम १८७७ ते १८८४ या काळातलं. ते सुरू झालं तेव्हा दख्खनमध्ये मोठा दुष्काळ होता. वास्तुकार मेजर चार्ल्स मँट. आधीचे छत्रपती राजाराम महाराज १८७० मध्ये युरोपच्या दौऱ्यावरून परतताना फ्लॉरेन्सला वारले. तिथल्या त्यांच्या स्मारकाची छत्रीही मँटचीच. मँट १८८१ मध्ये गेला, त्याने हा वाडा पुरा झालेला पाहिला नाही.

आणि ज्यांच्या कारकिर्दीत तो बांधला गेला, त्यांनीही नाही. १८७१ मध्ये दत्तक आलेले चौथे शिवाजी महाराज वयाने लहान होते. कारभार इंग्रजांच्या देखरेखीखाली चाले. पुढे त्यांना वेडे ठरवून नगरच्या किल्ल्यात ठेवलं. त्यांच्या छळाबद्दल ‘केसरी’ आणि ‘मराठा’ने लिहिलं, दिवाण बर्व्यांनी अब्रुनुकसानीची फिर्याद केली, पुराव्याची पत्रं बनावट ठरली आणि १८८२ मध्ये टिळक-आगरकर डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस राहून आले. महाराज मात्र सुटले नाहीत. २५ डिसेंबर १८८३ रोजी, ऐन विशीत, नगरलाच त्यांचा अंत झाला. पहारेकऱ्याशी झालेल्या झटापटीत ते गेले.

हे मनात ठेवून दरबार हॉलमध्ये उभं राहावं. तिथल्या रंगीत काचांवर थोरल्या शिवाजी महाराजांच्या आयुष्यातले प्रसंग आहेत. उन्हं आली की ते उजळतात. वाड्याचं काम संपत आलं होतं तेव्हा त्याच नावाचा, त्याच गादीचा वीस वर्षांचा वारस तीनशेहून अधिक किलोमीटरवर कैदेत होता. परक्या सत्तेला संस्थानिकाचा थाट चालत होता, त्याची इच्छा चालत नव्हती. दगडात बांधलेला हा पुरावा मला कुठल्याही दप्तरापेक्षा बोलका वाटतो.

सहलीच्या दिवशी हे कशाला उगाळायचं, असं कुणी म्हणेल. उगाळायचं ते शाहू महाराजांसाठी. १७ मार्च १८८४ रोजी कागलच्या घाटग्यांचा नऊ वर्षांचा यशवंतराव दत्तक आला तो याच रिकाम्या गादीवर. १८९४ मध्ये अधिकार हाती आले, तेही इंग्रजांनी आखलेल्या चौकटीतले. त्याच चौकटीत राहून त्यांनी २६ जुलै १९०२ च्या जाहीरनाम्याने मागासवर्गीयांसाठी निम्म्या जागा राखल्या, वसतिगृहं उभारली, प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं. शाहूंना आपण जन्मजात समर्थ राजा समजतो आणि त्यांच्या धाडसाची किंमत कमी करतो. आधीच्या छत्रपतींचं काय झालं हे संस्थानात सर्वांना ठाऊक होतं.

म्हणून शाळांच्या सहली नेणाऱ्या शिक्षकांना माझं सांगणं आहे: वाघांपुढे जेवढा वेळ पोरांना देता, तेवढाच त्या काचांखाली द्या आणि नगरच्या किल्ल्यातल्या महाराजांची हकिगत तिथेच सांगा. मग कसबा बावड्याला, शाहूंच्या जन्मस्थळी, घेऊन जा.