सांत्वनाचं शिक्षण

गडचिरोली जिल्ह्यातल्या आरमोरी तालुक्यात रानात गेलेलं माणूस वाघाच्या हल्ल्यात दगावलं की वनरक्षक येतो, पंचनामा होतो, मदतीचे पैसे येतात. पाहुणे येतात, भजन होतं, तेरवी उरकते. मागे राहिलेल्या बाईच्या मनात खरा काळोख दाटतो तो यानंतर. तेव्हा तिच्याजवळ बसायचं कुणी, आणि बसायचं कसं, हे शिकवणारं शिक्षण कोणतं?

आळंदीच्या वारकरी शिक्षण संस्थेत विष्णुबुवा जोगांनी १९१७ पासून चार वर्षांचा अभ्यास लावून दिला. ज्ञानेश्वरी, गाथा, पाठांतर, फी नाही. तिथून आलेल्या कीर्तनकाराच्या शब्दाला गावात वजन असतं, हे मी फार मोठं मानतो. पण कीर्तनात लोक आपलं ऐकतात. दुःखिताच्या घरी ऐकायचं आपल्याला असतं.

ख्रिस्ती धर्मशिक्षणात पाळकीय समुपदेशन हा वेगळा विषयच असतो. विदर्भाला ही वाट अनोळखी नाही. युनियन बिब्लिकल सेमिनरी १९५३ मध्ये यवतमाळात सुरू झाली आणि १९८३ मध्ये पुण्याला गेली. तिथल्या पदवीचं मोल ख्रिस्ती मंडळीत आहे. सरकारी नोकरीसाठी एमएसडब्ल्यू किंवा मानसशास्त्राची पदवी जास्त उपयोगी पडते. घरची शेती दोन एकर असेल तर पोरानं हा हिशेब करायलाच हवा, त्यात कमीपणा काही नाही.

माझा प्रश्न मात्र वेगळा आहे. शिकताना विद्यार्थी खऱ्या दुःखी माणसासमोर किती वेळ बसला, आणि त्याचं बसणं कुणी जाणत्यानं तपासलं का? अमेरिकेत अँटन बॉइसेन या पाळकाला स्वतः मनोरुग्णालयात राहावं लागलं होतं. बरे झाल्यावर १९२५ मध्ये त्यांनी धर्मशास्त्राचे विद्यार्थी वुस्टरच्या मनोरुग्णालयात नेले. ग्रंथ वाचता तशीच ही माणसं वाचा, असा त्यांचा आग्रह. पुढे या परंपरेत रुग्णाशी झालेलं बोलणं आठवून शब्दशः लिहायचं आणि गुरू-सोबत्यांपुढे ठेवायचं, ही रीत पडली. आपण कुठे घाईनं उपदेश केला, कुठे विषय बदलला, हे त्या कागदावर लपत नाही. ज्या अभ्यासक्रमात हे होत नाही, त्याचं प्रमाणपत्र कितीही देखणं असो, मी त्याला अपुरं म्हणेन.

असं प्रत्यक्ष कामातून शिकणं फळतं, याची खात्री गडचिरोलीला बाहेरून घ्यायची गरज नाही. इथल्या ‘सर्च’ या संस्थेनं ३९ गावांत थोडंफार शिकलेल्या बायांना आरोग्यदूत म्हणून घडवलं, घरोघरी त्यांच्या कामावर देखरेख ठेवली, आणि नवजात बालकांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी घटले, १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’नं ते छापलं. मन सावरण्याचं काम निराळं आहे, मान्य. पण प्रत्यक्ष काम आणि सततची देखरेख यांतून गावातलाच माणूस किती तयार होतो, हे तिथे दिसलं.

म्हणून गोंडवाना विद्यापीठानं असा एक अभ्यासक्रम काढावा, असं मला मनापासून वाटतं. मुलांनी आरमोरीच्या उपजिल्हा रुग्णालयात आणि वाघग्रस्त घरांत वर्षभर बसावं. शिकवायला एमएसडब्ल्यू झालेले असावेत, कीर्तनकार असावा, पाळक असावा, भुमक म्हणजे गावचा गोंड पुजारीही असावा. धानोरा-कोरचीकडच्या अनेक बायांना आपलं दुःख गोंडीतच नीट सांगता येतं. गोंडी बोलणारी पोरं-पोरी याच तालुक्यांत आहेत, आणि पुण्या-नागपूरची फी व खोलीभाडं त्यांतल्या बहुतेकांना झेपणारं नाही.