रात्रभर टिकला, म्हणून काय झालं?

प्रोसेसर ओव्हरक्लॉक करणाऱ्यांचा, म्हणजे तो छापील वेगापेक्षा जास्त वेगाने चालवणाऱ्यांचा, एक ठरलेला विधी असतो. बायोसमध्ये मल्टिप्लायर एक पायरी वर न्यायचा, मशीन अडखळलं तर व्होल्टेज किंचित चढवायचं आणि रात्रभर प्राइम95 लावून ठेवायचं. मर्सेन अविभाज्य संख्या शोधण्यासाठी लिहिलेला हा प्रोग्राम चाचणीत प्रोसेसरकडून उत्तरं आधीच ठाऊक असलेली अवाढव्य गणितं करून घेतो. राउंडिंगची चूक 0.4 च्या आत राहायला हवी होती, ती 0.5 निघाली, असा इशारा आला की खेळ खलास. सकाळपर्यंत तो आला नाही, तर मालक वेग सुरक्षित असल्याचं जाहीर करतो. तसं म्हणायचा अधिकार त्याला कुठून मिळाला, हा प्रश्न तंत्रज्ञानापेक्षा प्रमाणशास्त्राचा आहे, आणि आपल्या दर्शनांत त्यावर फार पूर्वीच कडाक्याचं भांडण झालेलं आहे.

चार्वाक म्हणेल, असा अधिकार नाहीच. धुरावरून आग ओळखायची तर जिथे धूर तिथे आग हा नियम सर्व स्थळी, सर्व काळी खरा असल्याचं कळायला हवं, आणि तेवढं कोणी पाहिलेलं नसतं. काल रात्रीची सगळी उत्तरं बरोबर आली; उद्याच्या एकाचीही हमी त्यातून निघत नाही. मग कंपनीने छापलेल्या वेगावरच राहावं, असं सावध माणूस सुचवतो. पण तो आकडासुद्धा अनुमानच आहे. चिप तपासून त्यांची प्रतवारी लावली जाते, आणि स्वस्त मालाला उठाव असला की चांगली चिपही खालच्या आकड्याने विकली जाते. 1998 सालचा सेलेरॉन 300ए बसचा वेग 66 वरून 100 मेगाहर्ट्झ केला की 300 ऐवजी 450 मेगाहर्ट्झवर धावे, तोही बऱ्याचदा विनातक्रार. उलट बाजूचा पुरावा 2024 चा. इंटेलच्या तेराव्या आणि चौदाव्या पिढीचे काही डेस्कटॉप प्रोसेसर कोणी हात न लावताही कोलमडू लागले, कारण प्रोसेसरच गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज मागत होता. मायक्रोकोड दुरुस्त झाला, वॉरंटी दोन वर्षांनी वाढली, पण झिजलेली चिप काही पूर्ववत होत नाही.

तरीही दोन्ही अनुमानं एकाच तोलाची, असा निष्कर्ष काढणं घाईचं होईल. नैयायिकांनी इथे उपाधीचा, म्हणजे नियमात लपलेल्या अटीचा, विचार आणला. जिथे आग तिथे धूर हा नियम फसतो, कारण त्यात ओलं इंधन ही अट लपलेली असते. रात्रभराच्या चाचणीतही अशा अटी दडलेल्या असतात. नागपुरात डिसेंबरच्या रात्री 75 अंशांवर थांबलेली चिप मे महिन्याच्या दुपारी, खोली वीस अंशांनी जास्त तापलेली असताना, 95 च्या आसपास जाते. व्होल्टेज 1.20 वरून 1.35 आणि वेग दहा टक्के वाढवला, तर वीज आणि उष्णता सुमारे चाळीस टक्क्यांनी वाढते, कारण व्होल्टेजचा वर्ग मोजावा लागतो. शिवाय जास्त प्रवाहात आणि उष्णतेत चिपमधल्या धातूच्या तारांचे अणू सरकत जातात, म्हणजे आजची चाचणी दोन वर्षांनंतरच्या चिपबद्दल काहीच सांगत नाही. कंपनी याच अटींसाठी राखीव अंतर ठेवते आणि ओव्हरक्लॉकर तेच खर्चतो. वेग फुकट मिळाला म्हणणाऱ्याने एवढा हिशेब तरी करावा.

आक्षेप असा येईल की अटींची यादी कधी संपतच नाही. खरं आहे. उदयनाचार्यांनी न्यायकुसुमांजलीत दिलेलं उत्तर मला इथे पटतं: शंकेची मर्यादा आपलं वागणंच ठरवतं. जेवणाने भूक भागेल का, अशी खरीखुरी शंका असलेला माणूस पानावर बसणार नाही. ओव्हरक्लॉक केलेल्या मशीनवर निर्धास्त खेळणारा, पण घरच्या फोटोंची एकमेव प्रत त्यावर ठेवायला कचरणारा मालक एका कामापुरता नि:शंक आहे, दुसऱ्यापुरता नाही. त्याचं हे कचरणं रास्तच आहे, कारण गणितातली चूक दर वेळी मशीन बंद पाडत नाही. ती गुपचूप फाइलमध्येही लिहिली जाते. यावर कोणी म्हणेल, मग सुरक्षितता ज्याच्या त्याच्या मर्जीवर गेली. तसं होत नाही. चुकलेलं गणित खेळणाऱ्यासाठीही चुकलेलंच असतं. काय पणाला लागलंय त्यानुसार फक्त किती पुरावा मागायचा ते बदलतं.