उंदराचं डोकं दुखतं का?

कसबा पेठेत आम्हाला उंदीर दोनच माहीत: कसबा गणपतीच्या पायाशी बसलेला आणि वाड्यात पिंजरा लावून पकडलेला. तिसरा प्रयोगशाळेत असतो. त्याला भूल देतात, नळीतून डोक्यावर वजन सोडतात. मग औषध देऊन पाण्याच्या हौदात सोडतात आणि बुडालेला चौथरा तो किती वेळात शोधतो, हे मोजतात.

दुचाकीवरून पडलेल्या माझ्या मित्राचा सीटी स्कॅन नॉर्मल होता. तरी महिनाभर त्याला उजेड सोसेना, शब्द आठवेनात. या ‘सौम्य’ दुखापतीवर खात्रीचं औषध अजून नाही. म्हणून उंदीर लागतात, हे मला कळतं.

पण प्रोजेस्टेरॉन बघा. उंदरांच्या मेंदूची सूज त्यानं उतरली. मग मेंदूला मोठी दुखापत झालेल्या दोन हजारांवर माणसांवर दोन चाचण्या झाल्या. २०१४ मध्ये दोन्ही फसल्याचं जाहीर झालं.

सौम्य दुखापतीत तर आजार बराचसा रुग्णाच्या सांगण्यातच असतो, आणि उंदीर सांगत नाही. तो आपल्यासारखा म्हणून प्रयोगाला चालतो. मग त्याचं दुखणंही आपल्यासारखंच धरायला नको?

२०२३ च्या नियमबदलानं भारतात पेशींवरच्या आणि संगणकावरच्या चाचण्यांनाही वाट मिळाली आहे. सगळे प्रयोग आजच थांबवा, असं मी म्हणत नाही. पण हेल्मेट आरशाला अडकवून गाडी हाणणाऱ्या आपल्याला, त्या औषधासाठी दुसऱ्याच्या डोक्यावर वजन सोडायचा हक्क नेमका कुठून मिळतो?